आमची कडक भाकरीची कंपनी

ती खोली आत्तापर्यंत तीनदा रंगवून झाली आहे, असं नवे हेडमास्तर सांगत होते. तरी खिडकीखालच्या भिंतीवर सहा काळपट पट्टे दिसतातच. "पाणी मुरायलंय वाटतं मॅडम तिथं," ते म्हणाले. मी नुसती मान हलवली. पाणी कसलं, ती आमच्या सहा चुलींची काजळी आहे. मी वाकून भिंतीला नाक लावलं. हेडमास्तरांना काय वाटलं असेल ते असो. वास चुन्याचाच आला.

मी आता बीदरच्या एका कंपनीत नोकरी करते. कंपनी शाळांना मदत देते, आणि त्या मदतीतून पोरांनी स्वतःचा छोटासा धंदा चालवायचा, अशी योजना आहे. या वर्षीच्या शाळांच्या यादीत माझ्या गावचं नाव वाचलं आणि साहेबांना म्हटलं, तिथं मीच जाते. कागदोपत्री मी खोली पाहायला आले होते, पण उंबऱ्यातून पाय आत टाकला तेव्हा मी बारा वर्षांची होते. माझ्या बोटांना शाई लागलेली होती आणि खोलीत तुऱ्हाट्यांचा धूर कोंडला होता.

आमचं गाव चिटगुप्प्यापासून जीपनं अर्ध्या तासावर. घरात कानडी, शाळेत मराठी, बाजारात दोन्ही, आणि भांडताना जी आधी तोंडात येईल ती. एका शनिवारी अर्ध्या दिवसाची शाळा सुटायच्या बेताला नौबादच्या एका कंपनीच्या मॅडम आल्या. तीही अशीच एक कंपनी होती, दुसरी. आमच्याकडे कंपनीचं माणूस येणं म्हणजे केवढी गोष्ट! आम्ही रांगेत उभे राहिलो, मुंडासं बांधलेला शिपाईही राहिला. मॅडमनी सरळ सतरंजीवर फतकल मारली आणि म्हणाल्या, "तुम्ही धंदा काढायचा. सामान आम्ही देऊ. पण चालवायचा तुम्ही. गुरुजींनी फक्त चुलीजवळ लक्ष ठेवायचं, मधे बोलायचं नाही."

गुरुजी वर्गात मधे बोलणार नाहीत, हे ऐकूनच निम्मा वर्ग धंद्याला तयार झाला.

काय करायचं, यावर मात्र कुणाला काही सुचेना. कुणी पेन म्हटलं, कुणी पतंग. मॅडमनी विचारलं, "तुमच्या घरी असं काय होतं, जे महिनाभर टिकतं?" मागून कुणीतरी पुटपुटलं, "कडक भाकर." सगळा वर्ग खो खो हसला. भाकर कोण विकत घेतं? पण मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं, कडक भाकरी, आणि खाली शेंगाची चटणी, कारळाची चटणी. रोज ताटात दिसणारी वस्तू फळ्यावर चढलेली पाहून मला कसंतरीच झालं. ती आमची नसून कुणा मोठ्या माणसाची असावी, असं वाटायला लागलं.

मग सामान आलं. सहा तवे, पराती, दुरड्या, वजनकाटा आणि पाकीट चिकटवायचं एक यंत्र. त्या यंत्राचा दांडा दाबला की 'टिक्' असा आवाज व्हायचा, लाल दिवा लागायचा आणि पाकिटाचं तोंड बंद. पहिल्या दिवशी आम्ही रिकामीच पाकिटं बंद करत बसलो. गुरुजींनीही दोन केली. मला आजही बँकेत, दवाखान्यात कुठं तसला 'टिक्' ऐकू आला की क्षणभर भूक लागते.

चुली पोरींनी घातल्या, गावातल्या चुलींसारख्याच, शाडूनं सारवून. जळणाला तुऱ्हाट्या. तूर काढून झाली की गावभर त्यांच्या पेंढ्याच पेंढ्या असतात. तुऱ्हाटी भसकन पेटते आणि तिच्या धुराला एक गोडसर वास असतो. ज्वारी कमठाण्याच्या माझ्या मामांकडची. पीठ उकळीत कालवायचं, मळून मळून लोण्यासारखं करायचं, थापायचं, तव्यावर टाकून पाण्याचा हात फिरवायचा, मग उलटून भाजायचं, आणि शेवटी चुलीच्या अंगाला उभी करून ठेवायची. तिथं ती हळूहळू वाळत कडक होते. सहा चुलींपाशी एकदम भाकरी थापल्या जायला लागल्या की त्या आवाजात बोललेलं ऐकू येत नसे. मुलांनीही थापायचं, असा मॅडमचा नियम होता. मुलांच्या भाकरी कर्नाटकाच्या नकाशासारख्या व्हायच्या. त्या आम्ही खाऊन टाकायचो.

ऋतू त्या भाकरीत कळायचे. श्रावणात कितीही भाजा, दुसऱ्या दिवशी वातड. येळवशीच्या सणाच्या सुमाराला, थंडीत, हातावर पिठानं भेगा पडायच्या, पण भाकर अशी व्हायची की मोडताना दुसऱ्या खोलीत कळावं. उन्हाळ्यात तर वाळायला चूलही नको, पटांगणात जुन्या लुगड्याच्या धडप्यावर पसरली की संपलं. चिमण्या राखायला पहिलीची पोरं बसवायची. त्यांना पगार म्हणून कडांचे तुकडे.

मी मॅनेजर झाले. का, तर माझं अक्षर बरं होतं आणि मला दोन्ही लिप्या यायच्या. पाकिटावर चिठ्ठी लागायची, वर मराठीत, खाली कानडीत. मॅडमचा दुसरा नियम असा, की ज्यानं भाकर केली त्याचं पूर्ण नाव चिठ्ठीवर पाहिजे. "नाव असलं की काम चांगलं होतं," त्या म्हणायच्या. मी थापायचं सोडलं, सगळे मला मॅनेजरबाई म्हणायचे. मी त्या वर्षी चालताना सुद्धा जरा ताठ चालायची. आई म्हणायची, हिला भूत लागलंय कंपनीचं.

पण मला सांगायचंय ते मुक्ताचं.

मुक्ता कांबळे माझ्याच वर्गात, सहावीत. बुद्धविहाराच्या गल्लीतली. वडील गवंडीकामाला हैदराबादला, आई रोजानं शेतात. वर्गात ती फार बोलायची नाही. चुली पेटल्या त्या पहिल्या शनिवारी मॅडमनी प्रत्येकाला एकेक भाकर करायला लावली आणि एकेक उचलून खिडकीकडे धरली. माझी धरली, अंधार. बाकीच्यांच्या धरल्या, अंधार. मुक्ताची धरली आणि तिच्यातून ऊन दिसलं. खरंच दिसलं. तांबूस, मधून मधून पिठाचे कण. कडेला एक भेग नाही. मी तर तोंडात बोट घालायचंच तेवढं बाकी होतं. आमच्याच वयाची, हातात काचेच्या दोन बांगड्या, आणि त्या हातांना हे येतं! मी नंतर तिच्याशेजारी बसून पुष्कळदा पाहिलं. ती पिठाकडे बघायचीच नाही. खिडकीबाहेर बघायची, आणि हाताखाली भाकर आपोआप मोठी होत जायची.

"कुनी शिकवलं गं?" मी विचारलं.

"कुनी न्हाई. आई रानात जाती, मग कोन करील?"

पहिल्या रविवारी आम्ही चिटगुप्प्याला गेलो, बाजाराच्या तोंडाशी. गुरुजी, मी आणि दोन मुलं. दुरड्यांत पाकिटं मांडली. लोक थांबले, हसले, कौतुक केलं, घेतली. पण ते कसे घेत होते, ते मी पाहिलं. पाकीट उचलायचं, चिठ्ठी वाचायची. काही पाकिटं वाचून परत ठेवायची आणि शेजारचं घ्यायचं. कुणी वाईट बोललं नाही. तोंडं सुद्धा वाकडी केली नाहीत. नुसतं ठेवायचे, हळूच. संध्याकाळी दुरडीत राहिली ती सगळी मुक्ताची. सगळ्यांत पातळ, सगळ्यांत देखणी, जशीच्या तशी.

मुक्तानं ती घरी नेली. मला वाटलं ती रडेल. पण तिच्या आईनं त्यातलं एक पाकीट फोडलंच नाही, फळीवर बाबासाहेबांच्या फोटोशेजारी उभं करून ठेवलं. मी एकदा वही मागायला गेले तेव्हा ती माउली मलाच म्हणाली, "तू लिव्हलीस न्हवं? वाच की गे. काय हाय?" मी वाचलं, मुक्ता कांबळे, इयत्ता सहावी. "आन एकडाव वाच," ती म्हणाली. मी परत वाचलं. मराठीतलं झाल्यावर कानडीतलंही वाचायला लावलं.

पुढच्या शनिवारी मी चिठ्ठ्या लिहायला बसले आणि मुक्ताच्या पाकिटांवर माझं नाव लिहिलं.

मला कुणी सांगितलं नव्हतं. कुणाला विचारलंही नाही. आमचं घर बसवण्णांना मानणारं. रोज घरात कानावर पडायचं की माणसाला जात नसते. मला वाटलं, आडनावापायी भाकरी परत येतात, तर आडनाव बदललं की झालं. मी किती हुशार, किती चांगली! तिच्यासाठी मी केवढं करतेय, या विचारानं माझाच ऊर भरून आला होता, हे सांगायला आज लाज वाटते. गुरुजींनी चिठ्ठ्या पाहिल्या. चष्मा काढला, पुसला, परत घातला. मधे न बोलण्याचा नियम त्यांनी त्या दिवशी पाळला.

त्या रविवारी सगळी पाकिटं गेली. सोमवारी मुक्तानं विचारलं, "माजी परत आली का?"

"एक सुद्दा न्हाई," मी म्हटलं.

तिचा चेहरा मला आजही दिसतो. दप्तर तिथंच टाकून ती घराकडे धावत सुटली. दुपारी तिच्या आईनं वर्गाला गूळ वाटला. मी पण खाल्ला. घशाखाली उतरला, चांगला गोड लागला.

असं कितीतरी रविवार चाललं. चिटगुप्प्यात माझं नाव झालं. एक शांतक्का म्हणून म्हातारी होती, कपाळभर विभूती, गळ्यात लिंग, सोवळ्याओवळ्याची कडक. ती दर रविवारी यायची. दाढा नव्हत्या, भाकर ताकात भिजवून खायची. "ह्या पोरीच्या हाताला गुन हाय," ती गुरुजींना सांगायची. "बाकीच्याच्या नगं. हिच्याच द्या." मी शेजारी उभी राहून मान खाली घालायची. लोकांना वाटायचं, पोर किती लाजाळू.

आणि एका रविवारी मुक्ता म्हणाली, "मी बी येते. माजी भाकर कशी जाती ते बगते." मी नाना सबबी सांगितल्या. जीपमध्ये जागा नाही, ऊन फार आहे, आई रागवेल. ती आलीच. दोन वेण्या, धुतलेला फ्रॉक. शांतक्का आली, माझं नाव घेऊन तिनं भाकर मागितली, पाकीट उचललं. मुक्तानं चिठ्ठी वाचली. मग दुरडीतलं दुसरं पाकीट उचलून वाचलं, तिसरं वाचलं. आपली भाकर तिला चिठ्ठीशिवायही ओळखू येत होती. सगळी ठेवून ती मागं जाऊन उभी राहिली. परतताना जीपमध्ये आम्ही शेजारीशेजारी बसलो होतो. गाव येईपर्यंत ती बाहेर बघत होती.

पुढच्या शनिवारी ती येणार नाही, असं मी धरून चालले होते. खोलीत शिरले तर सहाव्या चुलीत जाळ घालून ती बसलेली.

"कामून आलीस?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"भाकरी करायला," ती म्हणाली.

त्या दिवसापासून तिच्या भाकरी आणखी पातळ व्हायला लागल्या. मला त्यांची भीती वाटायची. मी चिठ्ठ्यांवर माझं नाव लिहीत राहिले, कारण आता थांबायचं कसं ते मला कळत नव्हतं. तिनं एकदाही विषय काढला नाही. एवढीशी पोर हे सगळं कुठं ठेवत होती, याचा मला तेव्हाही अचंबा वाटायचा, आजही वाटतो.

वर्ष संपताना, परीक्षेआधी, मॅडमनी शाळेत कार्यक्रम ठेवला. आईबाप बोलावले, चिटगुप्प्याची नेहमीची गिऱ्हाइकंही बोलावली. शांतक्का मुलाबरोबर जीपनं आली. माझी आई इरकल नेसून पुढच्या रांगेत. मुक्ताची आई रानातून तशीच आलेली, दाराशी उभी. मॅडमनी विक्रीच्या वहीतून माझं नाव पुकारलं, सगळ्यांत जास्त खपलेली भाकर करणारी म्हणून. टाळ्या झाल्या. तेवढ्यात शांतक्का म्हणाली, "माज्या डोळ्यादेकत एक करून दाव की गे बाळ."

तेव्हा तरी बोलायचं होतं. बोलले नाही. चुलीपुढं बसले. पीठ हाताला चिकटायला लागलं, कड तडकली, तव्यावर टाकताना एक कोपरा दुमडला. मॅडमनी ती उचलली. जाड, काळे डाग पडलेली. शांतक्कानं हातात घेतली, बोटांनी चाचपली.

"ही ती न्हवं," ती म्हणाली.

मी परातीतल्या पिठाकडे बघत होते. मागून कुणीतरी उठल्याचं कळलं. मुक्ता घागरीपाशी गेली, हात धुतले, सहाव्या चुलीपुढं बसली आणि थापायला लागली. चाळीसेक माणसं, आणि आवाज तेवढ्या दोन तळव्यांचा. या वेळी ती खिडकीबाहेर बघत नव्हती, भाकरीकडेच बघत होती. भाजली, उतरवली, आणि शांतक्कापुढं नेऊन धरली. मधून ऊन दिसत होतं.

"मी मुक्ता कांबळे," ती म्हणाली. "वरीसभर तुमी माजीच खाल्लाव."

शांतक्काचा मुलगा चटकन उठला. "चल अव्वा," म्हणाला. दोघंचौघं आणखी उठले. माझ्या आईनं पदर तोंडाला लावला. शांतक्का हलली नाही. ती भाकरीकडे बघत होती, मग मुक्ताकडे, मग तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मला चुलीत जावंसं वाटलं.

"बस रे खाली," ती मुलावर खेकसली. "वरीसभर पोटात गेली. आता काय वकून काडू? आन गे पोरी, ताक हाय का कुटं?"

ताक माझ्या आईनं आणून दिलं. देताना थोडं सांडलं. शांतक्कानं सगळ्यांसमोर भाकर मोडली, भिजवली आणि सावकाश खाल्ली. जे उठले होते त्यांतले काही बसले, काही निघून गेले. दाराशी मुक्ताची आई रडत होती, आवाज न करता. खाऊन झाल्यावर शांतक्का म्हणाली, "एक पाकीट बांद. नाव घालून."

मी धावले. तेवढं तरी मला करता येणार होतं. चिठ्ठी घेतली, पेन उघडलं, 'मु' काढला. मुक्तानं माझ्या हातातून पेन काढून घेतलं.

"तू ऱ्हाऊ दे," ती म्हणाली, आणि खाली बसून स्वतः लिहिलं. अक्षर वाकडं होतं, ओळ वर चढली होती. मग दांडा दाबला. टिक्.

पुढच्या वर्षी मॅडम आल्या नाहीत. का, ते कुणी सांगितलं नाही. चुली फुटल्या, यंत्र कपाटात गेलं, आम्ही सातवीत गेलो. मुक्ता पुढं शिकत राहिली. आता ती कलबुर्गीत सरकारी दवाखान्यात सिस्टर आहे. आमचा फोन होतो कधीमधी, मुलाबाळांचा, बदल्यांचा. भाकरी तिच्या घरी नवरा करतो, तिला वेळ नसतो. त्या वर्षाबद्दल आम्ही कधी बोललो नाही. मी माफी मागितली नाही. दर वेळी वाटायचं, पुढच्या फोनला.

हे सगळं त्या खोलीत उभ्या उभ्या माझ्या डोळ्यांपुढून जात होतं आणि हेडमास्तर माझ्या फाइलमधले नियम वाचत होते. एका ओळीवर ते थांबले. "मॅडम, पाकिटावर पोरांची नावं नका घालू. तुमाला म्हाईत हाय गाव कसं हाय. कशाला भानगड? नुसतं शाळेचं नाव घालू. कुनाचं मन दुखायला नको." भला माणूस. मनापासून सांगत होते. आणि मला ते पटायला लागलं, याचीच मला धास्ती वाटली.

मी बाहेर पटांगणात आले आणि कलबुर्गीला फोन लावला. मागं वॉर्डातला गलका ऐकू येत होता. मी एका दमात सगळं सांगितलं. शाळा, योजना, हेडमास्तर काय म्हणतात. "आणि मुक्ता, तेव्हाचं ते... माझं चुकलं गं. फार चुकलं."

तिकडं दार लोटल्याचा आवाज आला, गलका कमी झाला.

"राग आला व्हता मला," मग म्हणाली. "अजून हाय थोडा."

"मग आता काय करू? नावं घालू का नको? तू सांगशील तसं करते."

"मला कामून इचारायलीस?" मुक्ता म्हणाली. "पोरीस्नी इचार की. तवा मला तरी कुनी इचारलं व्हतं का?"

तिला कुणीतरी हाक मारली, तिनं फोन ठेवला. मी परत खोलीत गेले. मधली सुट्टी संपली होती, पोरं सतरंजीवर येऊन बसली होती. कंपनीच्या मॅडमकडे टकामका बघत होती. मी फाइल मिटली, त्यांच्यासमोर फतकल मारून बसले आणि विचारलं.